खिळा नाही, इंजिन नाही, जुना नकाशाही नाही; मग नौदलाची ‘कौंडिण्य’ बांधली कशी? कॉम्प्युटर आणि सुताराचा हात, दोघांचा हिशोब समजून घ्या

२१ मे २०२५ रोजी कारवारच्या तळावर भारतीय नौदलात एक जहाज दाखल झालं. त्याला इंजिन नव्हतं. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, नारळाच्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या होत्या. वळायला सुकाणूच्या जागी मोठी वल्ही होती आणि पुढे जायला चौकोनी शिडं. आयएनएसव्ही कौंडिण्य हे त्याचं नाव. २९ डिसेंबर २०२५ ला हे जहाज पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये ओमानच्या मस्कतला पोहोचलं.

रील्समध्ये तुम्ही ते पाहिलं असेल. त्याखालच्या कमेंट्समध्ये दोन गट पडले होते. एक गट म्हणत होता, ‘बघा, आपल्या पूर्वजांना कॉम्प्युटरची गरज नव्हती.’ दुसरा म्हणत होता, ‘आजच्या काळात हे असलं कशाला? सॉफ्टवेअर आहे, मशीन आहे, दोन महिन्यांत बोट तयार होते.’

विषय असा आहे की दोघंही अर्धं बरोबर आहेत. होडी बांधताना कॉम्प्युटर काय करतो आणि सुताराचा हात काय करतो, हे एकदा नीट समजलं की हे भांडण उरत नाही. एक वेगळीच काळजी मात्र समोर येते. तीच आज समजून घेऊ.

आधी अडचण काय होती ते बघा

कौंडिण्यचा आकार अजिंठ्याच्या भित्तिचित्रावरून घेतलाय. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या अजिंठा लेण्यांत पाचव्या शतकातल्या जहाजाचं एक चित्र आहे, ते याचं मूळ.

पण चित्र म्हणजे नकाशा नव्हे. चित्रकाराने जहाज एका बाजूने काढलं. तळ किती रुंद होता, पाण्याखाली पोटाचा आकार कसा होता, डोलकाठी किती जाड होती, वजन कुठे ठेवायचे, यातलं काहीच चित्रात दिसत नाही. त्या काळच्या जहाजाचे अवशेष समोर ठेवून नक्कल करावी, तर तशीही सोय नव्हती.

जुलै २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यात करार झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये जहाजाचा कणा, म्हणजे कील, बसवला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरलं. या काळात दोन वेगळ्या प्रकारची माणसं त्यावर काम करत होती.

एकीकडे नौदलाचे अभियंते. आकार ठरवणं आणि तो समुद्रात टिकेल का हे तपासणं त्यांच्याकडे होतं. आयआयटी मद्रासच्या ओशन इंजिनिअरिंग विभागात जहाजाच्या छोट्या प्रतिकृतीवर चाचण्या झाल्या. दुसरीकडे केरळचे मुख्य कारागीर बाबू शंकरन आणि त्यांची टोळी. त्यांनी कित्येक महिने बसून फळ्या एकमेकींना शिवल्या. काथ्याची दोरी, नारळाचा काथ्या आणि नैसर्गिक राळ हे त्यांचं सामान.

अभियंत्यांना शिवता येत नव्हतं. आणि कधीच न बांधलेल्या आकाराचं जहाज वाऱ्यात किती कलेल, हे नुसत्या शिवणकामातून कळणार नव्हतं. दोघांनाही एकमेकांची गरज होती.

जुन्या पद्धतीत नकाशा असतो कुठे?

केरळमध्ये कोळिकोडजवळ बेपूर नावाचं गाव आहे. तिथे ‘उरू’ नावाची मोठी लाकडी जहाजं बांधतात. अरब देशांशी व्यापार करणारी ही जहाजं बांधताना कागदावर नकाशा नसतो. मुख्य सुताराच्या डोक्यात तो असतो. लांबी ठरली की रुंदी किती, कणा किती जाड, पुढचं टोक किती उचलायचं, हे सगळं तो प्रमाणावरून ठरवतो. प्रमाण त्याला गुरूकडून मिळालेलं असतं.

कोकणातल्या होडी बांधणाऱ्या सुतारांचंही असंच. मागच्या होडीला मोजमापं घेऊन त्यावर पुढची होडी. मालकाने सांगितलं की मागची जरा पुढून बुडते, तर या वेळी पुढचा भाग थोडा फुगवायचा. म्हणजे प्रत्येक होडी ही पुढच्या होडीसाठी एक प्रयोगच असते. शेकडो वर्षं असे प्रयोग झाले, वाईट आकार बाद झाले आणि चांगले टिकले.

शिवलेल्या होडीत तर क्रमच उलटा असतो. आज आपण आधी सांगाडा उभा करतो आणि मग त्यावर फळ्या मारतो. शिवणाऱ्यांच्या पद्धतीत आधी फळ्यांचं कवच तयार होतं आणि बरगड्या नंतर आत बसतात. म्हणजे आकार ठरवायला साचा नसतोच. फळी कशी वाकते, तिला किती ताण सोसेल, हे हाताला कळलं तरच पुढची फळी बसते.

या पद्धतीची ताकद मोठी आहे. पण तिला एक अट आहे. उडी लहान मारायची. मागच्यापेक्षा थोडा बदल, एवढंच. उडी मोठी मारली की काय होतं, याचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण स्वीडनमध्ये आहे.

१३०० मीटरचा प्रवास

१० ऑगस्ट १६२८. स्टॉकहोमच्या बंदरातून स्वीडनच्या राजाची नवीकोरी युद्धनौका ‘वासा’ निघाली. दोन मजल्यांवर तोफा, एकूण ६४. वाऱ्याची एक झुळूक आली, जहाज कललं, सावरलं. दुसरी झुळूक आली, जहाज पुन्हा कललं आणि तोफांसाठी ठेवलेल्या खालच्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं. साधारण १३०० मीटर अंतर कापून वासा लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाली. सुमारे ३० माणसं गेली.

गंमत म्हणजे धोका आधीच दिसला होता. बंदरात उभ्या असताना ३० खलाशांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूकडे धावायला लावलं होतं. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणी थांबवली. तरीही जहाज निघालं.

कारागीर अडाणी होते का? अजिबात नाही. पण जहाज किती कलल्यावर परत सरळ होईल, हे आधी गणिताने काढायची पद्धत तेव्हा नव्हती. जुन्या प्रमाणांवर त्यांनी जुन्यापेक्षा खूप वेगळं जहाज उभं केलं. वरचा भाग जड आणि पाण्याखालचा भाग त्या मानाने कमी झाला.

१९६१ मध्ये वासा समुद्रातून वर काढली. आज ती संग्रहालयात आहे. अभ्यासकांना तिच्यात कारागिरांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या, १२ इंची. दोन ॲमस्टरडॅम फुटाच्या, ११ इंची. एकाच जहाजावर दोन टोळ्या दोन वेगळे फूट वापरत होत्या. जहाजाच्या दोन बाजू एकसारख्या नाहीत, त्यात या मोजपट्ट्यांचा हात असावा असं मानलं जातं.

म्हणजे डोक्यातल्या नकाशाच्या दोन मर्यादा कळल्या. एक, नव्या आकाराबद्दल तो आधी सांगू शकत नाही. दोन, तो दुसऱ्या माणसाच्या हातात जसाच्या तसा पोहोचत नाही.

मग नकाशा डोक्यातून कागदावर आला

अठराव्या शतकात युरोपात जहाजाचे नकाशे पद्धतशीर काढायला सुरुवात झाली. स्वीडनचाच फ्रेडरिक चॅपमन हा त्यातला मोठा माणूस. जहाजाचे कल्पनेने काप करायचे, जसे आपण काकडीचे करतो. प्रत्येक कापाचं क्षेत्रफळ काढायचं, त्यांची सूत्राने बेरीज करायची. त्यातून पाण्याखालचं घनफळ मिळतं. घनफळावरून जहाज किती वजन उचलेल ते कळतं.

कागदाचा दुसरा फायदा म्हणजे तो प्रवास करतो. याचा किस्सा आपल्या मुंबईचा आहे.

ब्रिटिश नौदलाने १८१२ मध्ये एका जहाजाची ऑर्डर मुंबईच्या गोदीला दिली. ही गोदी वाडिया घराण्यामुळे प्रसिद्ध होती. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या या कुटुंबाने जहाजं बांधली. नव्या जहाजाचे नकाशे ‘जावा’ या युद्धनौकेवरून पाठवले गेले. वाटेत अमेरिकन नौदलाने ती हरवली आणि नकाशे समुद्रात गेले. मग दुसरी प्रत पाठवली. त्या प्रतीवरून सागवानात ‘त्रिंकोमाली’ बांधलं गेलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे तरंगतंय, दोनशे वर्षांनंतरही.

यात एक गोष्ट नीट बघा. आकार लंडनच्या कागदावर होता. पण सागवानाचा कोणता ओंडका कुठे लावायचा, कोणता वाक कुठल्या फांदीत आपोआप मिळतो, हे मुंबईच्या सुताराला माहीत होतं. नकाशा हरवला तर दुसरी प्रत निघाली. सुतार हरवला असता तर प्रत कुठून काढणार होते?

कॉम्प्युटरची रेष मूळची होडीवाल्यांची

कागदावरचा नकाशा लहान असतो. होडी मोठी. म्हणून गोदीत एक मोठा लाकडी फरशीचा हॉल असायचा. त्या जमिनीवर होडीच्या रेषा खऱ्या आकारात काढायच्या, त्यावरून फळ्यांचे साचे कापायचे.

आता सात-आठ मीटरची सुंदर वळणदार रेष हाताने कशी काढणार? त्यासाठी लवचिक लाकडी पट्टी घ्यायचे. ठरलेल्या बिंदूंपाशी ती अडकवायची आणि मधे ती आपोआप जी वळण घेईल तिच्या कडेने रेष ओढायची. ड्रॉइंगच्या टेबलावर हीच युक्ती छोट्या पट्टीने आणि शिशाच्या वजनांनी करायचे. इंग्रज लोक त्या वजनांना ‘डक’, म्हणजे बदक म्हणायचे. पट्टीचं नाव ‘स्प्लाइन’.

लाकडाला उगीच वाकायला आवडत नाही. ते कमीत कमी ताण घेऊन वाकतं. म्हणून ती रेष डोळ्याला गुळगुळीत दिसते आणि पाणीही तिच्यावरून नीट वाहतं.

१९४६ मध्ये आयझॅक शोनबर्ग या गणितज्ञाने अशाच रेषांचं गणित मांडलं आणि त्याला या पट्टीचंच नाव दिलं, स्प्लाइन. १९६० च्या आसपास फ्रान्समधल्या रेनो आणि सिट्रोएन या कार कंपन्यांत पिएर बेझिए आणि पॉल द कास्तलजो यांनी गाडीच्या वळणांसाठी कॉम्प्युटरला समजेल असं गणित तयार केलं. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत इव्हान सदरलँडने ‘स्केचपॅड’ बनवलं. त्यात माणूस पहिल्यांदा स्क्रीनवर पेनाने रेष काढून ती बदलू शकत होता. आजचं कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेलं डिझाइन, या सगळ्यातून आलंय.

त्यामुळे कोणी म्हणालं की कॅडने सुताराला हरवलं, तर सांगा, कॅडमधली वळणदार रेष ही सुताराच्या पट्टीचीच नात आहे.

कॅड नेमकं काय काम करतं?

ऱ्हायनो, मॅक्ससर्फ, डेल्फ्टशिप ही यातली काही नावं. काही फुकट मिळतात, काही महाग आहेत. पण कामं साधारण चारच.

१. आकार काढणं. डिझायनर स्क्रीनवर होडीचं कवच तयार करतो. एक बिंदू ओढला की लांबीतली, रुंदीतली आणि उंचीतली रेष एकदम बदलते. कागदावर हे तिन्ही नकाशे वेगवेगळे काढून जुळवावे लागायचे. एक खोडलं की बाकी दोन पुन्हा काढा.

२. तरंगण्याचा हिशोब. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचं वजन साधारण १०२५ किलो असतं. होडी आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. म्हणजे ४ टनांची होडी जवळपास ३.९ घनमीटर पाणी सारेपर्यंत बुडणार.

आता समजा पाण्याच्या रेषेवर तुमची होडी ८ मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे. टोकं निमुळती असल्याने तिथलं खरं क्षेत्रफळ १६ ऐवजी सुमारे ११ चौरस मीटर धरू. तिच्यात १ टन बर्फ आणि मासळी वाढली तर ती साधारण ९ सेंटिमीटर आणखी बुडेल. हे आपण कागदावर काढलं. सॉफ्टवेअर हेच प्रत्येक वजनासाठी, प्रत्येक कलासाठी काही सेकंदांत काढतं.

कलण्याचा हिशोब सगळ्यात महत्त्वाचा. होडीचं वजन एका बिंदूतून खाली खेचतं. पाणी दुसऱ्या बिंदूतून वर ढकलतं. होडी कलली की पाण्याचा ढकलणारा बिंदू कललेल्या बाजूला सरकतो आणि तिला सरळ करतो. पण वजन फार वर गेलं तर हीच जोडी तिला आणखी पाडते. वासाचं हेच झालं. केबिनच्या छतावर टाकी बसवली, जाळी ओढायचं जड मशीन वर ठेवलं, की हा हिशोब बदलतो. पाणी शांत असताना ते दिसत नाही.

३. कवच उलगडणं. एक कागद घ्या. त्याची नळी होते, शंकू होतो. आता तोच कागद चेंडूवर गुंडाळा. सुरकुत्या पडतात. प्लायवूडचंही तसंच. ते एका दिशेने वाकतं, एकदम दोन दिशांनी वाकत नाही. कॅड सांगतं की तुमच्या होडीचा कुठला भाग सपाट प्लायवूडमधून निघेल आणि तो सपाट असताना कुठल्या आकाराचा दिसेल.

४. कापणं. ते आकार आठ बाय चारच्या प्लायवूडवर कमीत कमी वाया जाईल असे रचायचे आणि फाइल थेट सीएनसी मशीनला द्यायची. मशीन ती रेष तंतोतंत कापतं. दहा होड्या हव्या असतील तर दहाही एकसारख्या.

आणि इथे एक मजेशीर योगायोग आहे. हे प्लायवूडचे तुकडे जोडतात कसे? कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवतात, मग सांध्यावर इपॉक्सी आणि फायबरची पट्टी लावतात. या पद्धतीला ‘स्टिच अँड ग्लू’ म्हणतात. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘मिरर’ नावाच्या छोट्या शिडाच्या होडीने ती घराघरांत पोहोचवली. लोकांनी गॅरेजमध्ये बसून हजारो होड्या शिवल्या. काथ्याच्या जागी तार आली आणि राळेच्या जागी इपॉक्सी. शिवण्याची युक्ती मात्र तीच राहिली.

कॅडला काय कळत नाही?

पहिलं म्हणजे लाकूड. सॉफ्टवेअरमध्ये फळी म्हणजे सगळीकडे सारखी एक वस्तू. खऱ्या फळीत गाठ असते, रेषा तिरक्या जातात, ओल लागली की ती रुंदीत फुगते पण लांबीत जवळपास तेवढीच राहते. चांगला सुतार फळी उचलूनच सांगतो की ही टोकाकडच्या वळणाला मोडेल. ती बाजूला ठेवून तो दुसरी घेतो. हा निर्णय फाइलमध्ये नसतो.

दुसरं म्हणजे सांधा. स्टील आणि फायबरच्या ताकदीचे आकडे तक्त्यांत मिळतात. काथ्याने शिवलेल्या सांध्याचे तसे सर्वमान्य तक्ते नाहीत. शिवलेली होडी लाटेवर थोडी हलते, लवते. खिळ्यांच्या होडीसारखी ती ताठ नसते. तिची हीच खुबी आहे आणि गणिताला हीच अडचण. म्हणून तर कौंडिण्यच्या वेळी नौदलाला लाकडी डोलकाठीच्या ताकदीची वेगळी तपासणी करावी लागली.

तिसरं म्हणजे तुम्ही दिलेले आकडे. इंजिनाचं वजन चुकीचं टाकलं, मालक नंतर केबिन वाढवणार हे धरलं नाही, तर उत्तर चुकीचंच येणार. आणि ते दोन दशांश स्थळांपर्यंत इतक्या रुबाबात येतं की शंका घ्यायचं कुणाला सुचत नाही. नवशिक्यांची एक ठरलेली चूक म्हणजे फळीची जाडी विसरणं. स्क्रीनवरचा आकार बाहेरचा आहे की आतल्या बरगडीचा, हे ठरवलं नाही तर अख्खी होडी दोन्ही बाजूंनी फळीच्या जाडीइतकी लहान किंवा मोठी होते.

चौथं म्हणजे लाट. शांत पाण्याचा हिशोब सोपा आहे. उसळत्या समुद्रात आकार कसा वागतो हे कॉम्प्युटरवर काढता येतं, पण खात्रीसाठी अजूनही छोटी प्रतिकृती पाण्यात ओढून बघतात. ही पद्धत विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने बसवली. १८७२ मध्ये त्याने टॉर्की इथे त्यासाठी खास हौद बांधला. त्याचा नियम असा की प्रतिकृती १६ पट लहान असेल तर तिला खऱ्या वेगाच्या एक चतुर्थांश वेगाने ओढायचं. तेव्हा उठणाऱ्या लाटांचा नमुना खऱ्या जहाजासारखा असतो. आजही चाचण्या याच नियमावर चालतात.

एकच माणूस, दोन्ही पद्धती

गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत नौदलाची ‘म्हादेई’ बांधली गेली. २००९ मध्ये ती नौदलात आली. ५६ फुटी शिडाची नौका, डिझाइन नेदरलँड्सच्या व्हॅन डी स्टाड यांचं. आतून लाकूड आणि वरून फायबर अशी तिची बांधणी. याच म्हादेईतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच नौका कुठेही न थांबता जगाभोवती फिरवून आणली. पुढे २०१७ मध्ये त्याच डिझाइनची ‘तारिणी’ आली आणि नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून परिक्रमा केली.

म्हणजे आकार नेदरलँड्समध्ये ठरला आणि होडी गोव्यात झाली. एकाच नकाशावरून दोन सारख्या नौका निघाल्या. नकाशाची ताकद ही.

आणि त्याच दांडेकरांच्या होडी इनोव्हेशन्सने पुढे कौंडिण्य बांधली. तिथे आयता नकाशा विकत मिळणार नव्हता, फळ्या शिवणारे हात केरळहून आणावे लागले.

मग तुम्हाला होडी बांधायची असेल तर?

मासेमारीसाठी, पर्यटनासाठी किंवा हौसेने कोणी होडी बांधायला निघालं असेल, तर ढोबळ हिशोब असा.

- गावात वर्षानुवर्षं चाललेल्या आकाराची, त्याच मापाची, त्याच कामाची होडी हवी असेल तर अनुभवी सुताराचा शब्द पुरेसा वजनदार आहे. तो आकार समुद्रानेच तपासलेला आहे.
- लांबी वाढवायची आहे, मोठं इंजिन बसवायचं आहे, वरचा मजला करायचा आहे, प्रवासी न्यायचे आहेत? मग ‘बघू, बसेल’ म्हणू नका. नेव्हल आर्किटेक्टकडून कलण्याचा हिशोब करून घ्या. ही मोठी उडी आहे.
- एकसारख्या बऱ्याच होड्या हव्या असतील किंवा प्लायवूडची छोटी होडी स्वतः बनवायची असेल तर कॅड आणि सीएनसीने वेळ आणि लाकूड दोन्ही वाचतं.
- जुन्या लाकडी होडीची दुरुस्ती असेल तर सुतारच हवा. प्रत्येक फळी आता आपापल्या परीने वाकलेली असते. तिथे मूळ नकाशा असला तरी त्याचा उपयोग कमीच.

खरी काळजी इथे आहे

कोकणच्या किनाऱ्यावर आज जाल तिथे फायबरच्या होड्या दिसतात. मच्छीमारांनी ते निवडलं त्याला कारण आहे. लाकूड महाग, चांगलं लाकूड मिळणं कठीण, दरवर्षी डागडुजी. फायबरची होडी एका साच्यातून निघते, हलकी असते, कमी कटकट. यात मच्छीमाराला दोष द्यायचं काहीच कारण नाही. त्याला उद्या सकाळी समुद्रावर जायचंय.

पण होडी बांधणाऱ्या सुताराकडे ऑर्डर येत नाही म्हणजे त्याच्याकडे शिकाऊ पोरगाही येत नाही. त्याचं ज्ञान कागदावर नाही, फाइलमध्ये नाही. ते दुसऱ्याला फक्त काम करता करता मिळतं. काम थांबलं की ते एका पिढीत संपतं.

कौंडिण्यच्या वेळी आपण थोडक्यात वाचलो. जहाजाचा आकार हरवला होता, तो चित्रावरून, गणितावरून आणि चाचण्यांवरून पुन्हा उभा करता आला. शिवण्याची कला हरवलेली नव्हती म्हणून. ती अजून केरळातल्या काही हातांत शिल्लक होती. तीही गेली असती, तर कितीही मोठा कॉम्प्युटर आणला असता तरी काथ्या किती ओढायचा, कुठल्या क्षणी थांबायचं, हे त्याला कोण सांगणार होतं?

गंमत अशी की हे ज्ञान जपायला सगळ्यात चांगलं हत्यार कॅडच आहे. जुन्या होडीभोवती फिरून शेकडो फोटो काढले तर सॉफ्टवेअर त्यावरून तिचं त्रिमितीय मॉडेल बनवतं. या तंत्राला फोटोग्रामेट्री म्हणतात आणि साध्या मोबाइलच्या फोटोंवरूनही ते जमतं. शेजारी एक मोजपट्टी ठेवली की माप बरोबर येतं. आकार असा कायमचा साठवता येतो.

आकाराबरोबर आवाजही साठवायला हवा. सुतार काम करत असताना त्याला विचारायचं, ही फळी का नको म्हणालात? इथे जास्त का तासलं? या वळणाला तुमच्याकडे काय शब्द आहे? त्या शब्दांतच निम्मं ज्ञान असतं.

तुमच्या गावच्या खाडीत, वाळूवर पालथी घातलेली, रंग उडालेली एखादी लाकडी होडी असेल. पुढच्या सुट्टीत गेलात तर तिच्यासोबत एक सेल्फी खुशाल काढा. मग तिच्याभोवती फिरून शंभर फोटो काढा आणि ती कोणी बांधली ते विचारा. तो माणूस अजून गावात असेल, तर आधी त्याच्याकडे जा. होडी अजून काही पावसाळे तिथेच असेल.